‘चौघीजणी’, शेंडेफळ आणि सिनेमावाले

थोरली (सोलापूर)

दिवाळीत बऱ्याच वर्षांनी आम्ही तिघी बहिणी एकाच वेळी माहेरी होतो. रात्री आई झोपल्यावर धाकटीच्या लॅपटॉपवर ग्रेटा गर्विगचा २०१९ चा ‘लिटल विमेन’ लावला. मधली अर्ध्या तासात घोरायला लागली. मी आणि धाकटी शेवटपर्यंत जाग्या राहिलो आणि मग दोन वाजेपर्यंत भांडलो. हा धागा त्या भांडणाचा पुढचा अंक समजा.

आधी पुस्तक. लुइसा मे अल्कॉटची ही मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणींची कादंबरी १८६८ आणि १८६९ अशी दोन भागांत आली. आपल्यापैकी बहुतेकींना मात्र ती शांता शेळक्यांची ‘चौघीजणी’ म्हणूनच माहीत. आमच्याकडे ती हिराचंद नेमचंद वाचनालयातून यायची, दर मे महिन्यात. मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पडायची सोय नाही. शहाबादी फरशीवर पाणी मारायचं, ते वाळायच्या आत त्यावर पालथं पडायचं आणि वाचायचं. बाहेर त्रेचाळीस अंश आणि पुस्तकात नाताळचा बर्फ. बर्फात पाय रोवत चाललेल्या मुली म्हटलं की मला अजून ओल्या फरशीचा वास येतो.

मी अर्थातच ज्यो होते. मधली आपणहून मेग झाली, कारण मेगला चांगले कपडे होते. धाकटीला आम्ही विचारलंच नाही. बेथ कोणालाच व्हायचं नव्हतं (कारण ती मरते), म्हणून तिच्या वाट्याला एमी आली.

आता वहीची गोष्ट, कारण भांडण तिथूनच आहे. मी सातवीत असताना कवितांची दोनशे पानी वही केली होती, ब्राऊन पेपरचं कव्हर घालून. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला मी आणि मधली शेजारच्या काकूंबरोबर गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर गेलो. मोठ्या पाळण्यात बसलो, भाग्यश्री बटाटेवडा... असो. धाकटीला ताप होता म्हणून नेलं नाही. (तिचं म्हणणं, ताप नव्हता.) दुसऱ्या दिवशी वही गायब. संध्याकाळी बंबाची राख काढताना आईला ब्राऊन पेपरचा एक कोपरा मिळाला, कडा जळलेल्या, त्यावर माझ्या अक्षरात माझ्या नावातली दोनच अक्षरं. धाकटी तेव्हा आठ वर्षांची होती. तिची बाजू आजतागायत एकच आहे: पाणी तापवायला रद्दी हवी होती, वही रद्दीत होती, मला काय माहीत.

आणि त्याच मे महिन्यात मी ‘चौघीजणी’ पहिल्यांदा वाचली. ज्यो आणि मेग नाटकाला जातात, एमीला नेत नाहीत, आणि एमी ज्योची हस्तलिखित वही जाळते. मी पुस्तकात बोट घालून धाकटीकडे कसं बघितलं असेल याची कल्पना करा.

तर मुद्दा. मी या गोष्टीवरचे चार मोठे सिनेमे पाहिलेत आणि आता माझं ठाम मत झालंय की सिनेमावाल्यांची परीक्षा ज्योवर होत नाही. ज्यो जमतेच. १९३३ ची कॅथरिन हेपबर्न घ्या, १९९४ ची विनोना रायडर घ्या, नाहीतर २०१९ ची सर्शा रोनन. पात्रच असं आहे की बरी नटी उभी केली की निम्मं काम होतं. खरी परीक्षा एमीची. गोष्टीच्या सुरुवातीला ती बारा वर्षांची, नाक चाफेकळी व्हावं म्हणून कपड्यांचा चिमटा लावून झोपणारी. शेवटाकडे तीच युरोपात लॉरीशी, म्हणजे ज्योने नाकारलेल्या शेजारच्या मुलाशी लग्न करते. तुम्ही ही पोर नीट वाढवून दाखवली नाही, तर ते लग्न म्हणजे चोरी वाटते. १९९४ मध्ये नेमकं तेच झालं. लहान एमी कर्स्टन डन्स्ट, कमाल गोड आणि कमाल आगाऊ. मोठी एमी समँथा मॅथिस. मध्ये उडी. आपण डन्स्टला ओळखत असतो आणि लॉरीशी लग्न भलतीच कोणीतरी करून मोकळी होते.

१९४९ मध्ये तर कहर. बेथचं काम करणारी मार्गारेट ओब्रायन वयाने लहान, एमीचं काम करणारी एलिझाबेथ टेलर तिच्याहून मोठी, म्हणून सरळ बेथलाच धाकटी करून टाकलं! शेंडेफळच बदललं. १९३३ ची एमी जोन बेनेट तर विशी ओलांडलेली, शूटिंगच्या वेळी गरोदर, कपडे बदलून घ्यावे लागले म्हणे.

२०१९ मध्ये पहिल्यांदा फ्लॉरेन्स प्यूच्या एमीने मला गप्प केलं. वही जाळल्यावर ती सांगते की तुझा एखादा झगा फाडून तुला काही वाटलं नसतं, तुला फक्त तुझं लिखाण प्रिय, आणि मला तुला दुखवायचंच होतं. इथे धाकटीने लॅपटॉप थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. पुढचं भांडण तिथे सुरू झालं.

तुमचं मत काय? पुस्तक न वाचलेल्यांनीही लिहा.

अनुस्वार

छान धागा, थोरलीताई. पण एमीपुराण मान्य नाही. ही गोष्ट ज्योची आहे. केस कापून पंचवीस डॉलर आणणारी ज्यो, पोटमाळ्यावर लिहिणारी ज्यो, लॉरीला नकार देणारी ज्यो. एमीला वकील देण्याच्या नादात गर्विगबाईंनी सगळा काळ मागेपुढे केलाय. लहानपण सोनेरी उजेडात आणि मोठेपण निळसर, एवढाच काय तो आधार. माझ्या आईला अर्धा सिनेमा होईपर्यंत कळेना की बेथ आजारी आहे की बरी झालीय की पुन्हा आजारी आहे.

आणि दुसरं, बावीस वर्षांच्या प्यूला शाळकरी पोरींच्या मध्ये बाकावर बसवलंय, ते बघून हसू आलं. पाठीमागच्या बाकावर नापास होऊन बसलेली वाटते. त्यापेक्षा १९९४ मध्ये जिलियन आर्मस्ट्राँगने खरी बारा वर्षांची मुलगी घेतली हे बरं की नाही?

जुळे_सोलापूरकर

मी पुस्तक वाचलं नाही, सिनेमा बायकोबरोबर बघितला. ताई, तुम्ही भाग्यश्री वड्याचं वाक्य अर्धवट सोडून पाप करायलात.

एक शंका हाय. त्या शाळेत लिंबावरून काय राडा चाललाय ते कळंना. लोणच्याचं लिंबू शाळेत नेलं म्हणून मास्तर छडी मारतोय? आमच्याकडं डब्यात शेंगाचटणी आणि लिंबाचं लोणचं नसलं तर पोरं डबा परत आणायची.

थोरली

@जुळे_सोलापूरकर, लोणचं म्हणजे आपलं फोडणी-मोहरीवालं नाही हो. मिठाच्या पाण्यात खारवलेली अख्खी लिंबं, बाहेरून पिंपातून यायची, पोरी चोखत बसायच्या. पुस्तकात तर ते चलनच आहे. मैत्रिणीने दिलं की परत द्यायचं, नाही दिलं तर कंजूष ठरायचं. एमीवर डझनभर लिंबांची उधारी असते, मेग पैसे देते, ती पंचवीस आणते, एक वाटेतच खाते. मग मास्तर दोन-दोन करत खिडकीबाहेर फेकायला लावतात आणि हातावर छड्या.

आमच्या शाळेत हेच बोरकुटाचं होतं. वर्तमानपत्राच्या पुडीत, जिभेने चाटून. माझ्यावर एकीची सात पुड्यांची उधारी होती, ती दहावीनंतर बुडाली. त्या छड्यांचं मोल पोरींनाच कळेल. मार लागला म्हणून नाही, सगळ्यांसमोर लागला म्हणून.

@अनुस्वार, बाकावरच्या प्यूबद्दल मान्य, तिथे मीही हसले. पण सांगा, पॅरिसमध्ये तीच प्यू जेव्हा लॉरीला ऐकवते की लग्न हा माझ्यासारखीला पैशाचा व्यवहार आहे, माझ्याकडे काही असलंच तर लग्नानंतर ते नवऱ्याचं होणार, मुलंही त्याचीच, तेव्हा तुम्हाला ती बाकावरची मुलगी आठवली की नाही? मला आठवली. लिंबांची उधारी चुकवायला धडपडणारी मुलगीच पुढे लग्नाचा हिशोब मांडणार. दोन नट्या घेतल्या की हा धागा तुटतो. थोडं हसू आलं तरी चालेल.

नलूमावशी

थोरले, तुम्ही पोरी इंग्रजी सिनेमांवर भांडताय आणि घरचं विसरताय. १९८७ साली दूरदर्शनवर अमोल पालेकरांची ‘कच्ची धूप’ लागायची, ती याच कादंबरीवरून. भाग्यश्री त्यात होती, सिनेमात यायच्या आधीची. आशुतोष गोवारीकरही होता. तेव्हा आमच्या वाड्यात एकच टीव्ही, शेजारच्यांचा. त्यांच्या दारात चपलांचा ढीग.

मला त्यात आवडलं ते हे की घर आपल्यासारखं होतं. बर्फ नाही, शेकोटी नाही, पण एका खोलीत मुली, एकीचं दुसरीने न विचारता घातलेलं, आईचा डोळा. माझ्या सासूबाई इंग्रजी काही जाणत नव्हत्या, त्या म्हणायच्या, ‘हे कुणाचं घर दाखवतात गं, आपलंच वाटतंय.’ त्यांना सांगितलंच नाही कधी की मूळ अमेरिकेतलं आहे. कशाला उगाच.

मागवाला

साहेब, आमच्या पूर्व भागातला पण एक प्रतिसाद घ्या. (आम्ही तेलुगू, घरात तेलुगू, बाहेर मराठी, भांडताना दोन्ही.)

‘लिटल विमेन’ नाही, पण बहिणींवरचीच जेन ऑस्टिनची १८११ ची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’. ती मी आधी कुठे बघितली सांगू? राजीव मेननचा २००० चा तमिळ ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’, तो तेलुगूत ‘प्रियुरालु पिलिचिंदी’ नावाने आला होता. आमच्या घरी सीडी होती. अक्का, मी, आई, तिघे बघायचो. आई विड्या वळता वळता बघायची, सूप मांडीवर, हात चालूच. रेहमानचं गाणं लागलं की हात जरा हळू व्हायचे, मुकादमाला हजार मोजून द्यायच्या असल्या तरी.

तब्बू थोरली, ऐश्वर्या दुसरी, आणि तिसरी लहान शामिली. घर हातचं जातं, सगळ्या चेन्नईला येतात. आता यातली गंमत बघा. ऑस्टिनच्या थोरलीला, एलिनॉरला नोकरी करताच येत नाही, त्या काळात तशा घरातल्या मुलीने करायची नसतेच. तब्बू मात्र टेलिफोनवर बसते आणि तिथून कॉम्प्युटरवर जाते. पहिला पगार घरात येतो. तिथं आईनं सूप खाली ठेवलं होतं. मूळ पुस्तकात नसलेला प्रसंग, पण आमच्या घरात तोच लागला. कारण अक्का तेव्हा नुकती कामाला लागली होती.

आणि ते प्रेमभंगाचं. पुस्तकात दुसरी, मारियान, ओल्या गवतात फिरून, ओल्या बूट-मोज्यांत बसून राहते आणि तापाने फणफणते. इथे ऐश्वर्या भर पावसात उघड्या गटाराच्या तोंडात पडते! इंग्लंडमध्ये ताप, आपल्याकडे गटार. अक्का म्हणाली, हे सोलापुरात बसलेल्यानेच लिहिलंय.

जुळे_सोलापूरकर

गटाराचं ऐकून ऊर भरून आला. लिहिणाऱ्याला आमच्याकडचा पावसाळा दाखवायला पाहिजे.

पिंपळपान

@मागवाला, सुंदर प्रतिसाद. त्याच कादंबरीवरचा १९९५ चा इंग्रजी सिनेमाही बघा, अँग लीचा. एमा थॉम्पसनने पटकथा लिहिली आणि थोरलीचं कामही केलं, पटकथेला ऑस्कर मिळालं.

थोरलीताईंच्या शेंडेफळ-सिद्धांताला तिथे भक्कम पुरावा आहे. पुस्तकात तिसरी बहीण मार्गारेट नावापुरती आहे, ऑस्टिनबाई तिला पानंच्या पानं विसरतात. थॉम्पसनने तिला उचललं. घरात पाहुणे आलेत आणि ही पोर ग्रंथालयात टेबलाखाली नकाशांचं पुस्तक घेऊन लपलीय. पाहुण्यांतला एडवर्ड ते ओळखतो, पण तिला बाहेर ओढत नाही. उभ्याउभ्या नाईल नदी कुठे उगम पावते यावर मुद्दाम चुकीचं बोलत राहतो, आणि टेबलाखालून तिला राहवत नाही. एलिनॉर त्याच्या प्रेमात का पडली हे सांगायला आता एक वाक्यही लागत नाही. सगळं काम त्या टेबलाखालच्या पोरीने केलं.

उलट ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची लिडिया घ्या. पाच बहिणींत सर्वांत धाकटी, सोळा वर्षांची, विकहॅमबरोबर पळून जाते. बहुतेक रूपांतरांत ती नुसती खिदळणारी. सोळा वर्षांच्या मुलीला एका लबाड माणसाने पळवलं, ही भीती बघणाऱ्याच्या पोटात उतरतच नाही. पुढच्या प्रसंगात आपण नायकाकडे, डार्सीकडे वळतो.

विणकरकन्या

वाचनमात्र होते, पण आता राहवत नाही. जपानची कोणी आठवण काढली नाही? तानिझाकीची कादंबरी ‘द माकिओका सिस्टर्स’. युद्धाच्या काळात छापायला सुरुवात झाली आणि लष्करी सेन्सॉरने थांबवली, कारण युद्ध चालू असताना चार बहिणींचे कपडे आणि स्थळं यात कोणाला रस असावा! कोन इचिकावाने १९८३ मध्ये त्यावर सिनेमा केला.

ओसाकाचं एकेकाळचं श्रीमंत घराणं. तिसऱ्या बहिणीचं लग्न जमेना, तोवर चौथीचं करता येईना. एकामागून एक स्थळं बघण्याचे कार्यक्रम. आपले कांदेपोहे, फक्त कांदा आणि पोहे वगळून. माझ्या मावशीने सिनेमा बघून विचारलं, ‘पत्रिका बघत नाहीत का हे?’

आता शेंडेफळ. ओसाकाकडे घरातल्या सर्वांत धाकट्या मुलीला म्हणायला वेगळा शब्दच आहे, ‘कोइ-सान’. कादंबरीत ही ताएको पूर्वी एकदा पळून गेलेली असते, आणि वर्तमानपत्र चुकून तिच्याऐवजी तिसरीचं नाव छापतं. म्हणजे पळाली धाकटी, डाग लागला तिसरीवर. ती बाहुल्या करून विकते, स्वतःचे पैसे कमावते, आणि घराला नेमकं तेच खुपतं. मला ती एमीची सख्खी बहीण वाटते. दोघींना हातातली कला आहे, दोघींना चांगलं राहायचंय, आणि त्याबद्दल दोघींनाच बोल लागतो.

एक बारीक गोष्ट. कादंबरीच्या सुरुवातीला बहिणी बाहेर जायला तयार होत असतात आणि एकीचा कमरेचा पट्टा, ओबी, श्वास घेतला की करकरतो. मग हा बदल, तो बदल. मी मागावरच्या घरात वाढले, नव्या खळीचं कापड कसं बोलतं ते मला सांगायला नको. ते वाचून मी वडिलांना मराठीत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘रेशीम घट्ट विणलं असणार.’

थोरली

@विणकरकन्या, वडिलांना नमस्कार सांगा.

अनुस्वार

बरं, मी थोडा मागे सरकतो, पण कारण वेगळं आहे. काल रात्री अल्कॉटबाईंबद्दल वाचत बसलो. एमी म्हणजे त्यांची धाकटी बहीण मे. इंग्रजी अक्षरं नुसती फिरवली आहेत. ती खरंच चित्रकार. ‘लिटल विमेन’च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं तिचीच, आणि त्यांच्यावर टीकाकारांनी यथेच्छ ताशेरे ओढले. पण पुस्तक इतकं खपलं की लुइसा १८७० मध्ये तिला घेऊन युरोपला गेली. पुढे पॅरिसच्या सालोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, मेचं चित्र लागलं. तिने युरोपातच लग्न केलं, आणि १८७९ मध्ये मुलीला जन्म देऊन काही आठवड्यांत गेली. ती मुलगी लुइसाकडे आली. तिने तिला वाढवलं.

म्हणजे कधीही लग्न न केलेल्या खऱ्या ज्योच्या मांडीवर शेवटी खऱ्या एमीची लेक. हे कोणत्याच सिनेमात नाही. असायला हवं होतं.

ज्योचं लग्नही बाईंना करायचं नव्हतं. वाचक मुलींनी पत्रं लिहून लिहून भंडावलं. लॉरीशी नाही म्हणजे नाही, म्हणून मुद्दाम तो प्राध्यापक आणला. गर्विगने शेवट जो दुहेरी ठेवलाय, प्रकाशक म्हणतो नायिकेचं लग्न लाव आणि ज्यो त्या बदल्यात पुस्तकाचे हक्क स्वतःकडे ठेवून ६.६ टक्क्यांवर सौदा करते, त्याला आधार आहे. अल्कॉटबाईंनी हक्क खरंच स्वतःकडे ठेवले होते. हे वाचल्यावर काळ मागेपुढे केल्याचा माझा राग पन्नास टक्के गेला. उरलेला आईच्या वतीने कायम.

नलूमावशी

थोरले, वहीचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाहीस. धाकटी काय म्हणते?

थोरली

मावशी, मी तिला हा धागा पाठवला होता. तिने सगळे प्रतिसाद वाचले, @मागवाला यांचा दोनदा. मग काल रात्री फोन आला. तिचं म्हणणं तेच. तिला ताप नव्हता, पाळण्यात बसायचं होतं, आणि आम्ही परत आलो तेव्हा मधलीच्या हातात तिच्यासाठी आणलेली प्लास्टिकची शिट्टी होती, ती वाजत नव्हती. हे मला बिलकुल आठवत नाही. मधलीला आठवतं.

मी म्हटलं, बरं, शिट्टीचं मान्य, पण वही? तर पुन्हा तेच. बंब, रद्दी, मला काय माहीत ती कसली वही होती, मी उघडूनसुद्धा बघितली नाही.

मग आम्ही इकडचं तिकडचं बोललो. पुढच्या महिन्यात ती हुतात्मा एक्सप्रेसने येतेय, तेव्हा तब्बू-ऐश्वर्याचा सिनेमा बघायचं ठरलं, मधलीला चहा पाजून. फोन ठेवता ठेवता म्हणाली, ‘आणि ताई, तू त्या धाग्यावर फार लेखिकेचा आव आणू नकोस. पावसावर चार कविता होत्या त्यात, चारही एकसारख्या.’